फळ्यावरचे ९८

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा इमारत, मैदान, स्नेहसंमेलन यांतलं काहीच लिहावंसं वाटलं नाही. मनात आल्या त्या विज्ञानाच्या बाई. ज्यांना त्यांनी शिकवलं, त्यांना नाव सांगायची गरज नाही.

आम्ही आठवीत होतो. तपासणी चालू होती, मागच्या बाकावर साहेब बसलेले, आणि बाई पाण्याचा उत्कलनबिंदू दाखवत होत्या. पाणी खळखळ उकळू लागलं, पण पारा ९८ अंशांवर थांबला तो थांबलाच. पुस्तकात १००. आमच्या पोटात गोळा आला. बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला वाचन घ्यायला लावलं. ती दबक्या आवाजात "अठ्ठ्याण्णव" म्हणाली आणि बाईंनी फळ्यावर ठसठशीत ९८ लिहिलं. मग वळून म्हणाल्या, "आता का, ते शोधू." हवेचा दाब, समुद्रसपाटीपासूनची उंची (साधारण तीनशे मीटर वर गेलं की पाणी जवळपास एक अंश आधीच उकळतं), तापमापीतला दोष, सगळं त्या एका तासात आलं. साहेब काय म्हणाले, ते आज आठवत नाही. बाईंचा हात जराही अडखळला नव्हता, हे मात्र लख्ख आठवतं.

त्याच वर्षी मराठीच्या तासाला 'माझा आदर्श' हा निबंध होता. ऑफ तासाला बाईंनी त्या वह्या मागून घेतल्या. सगळ्यांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली होती. बाईंनी एकालाही नावं ठेवली नाहीत, फक्त विचारलं, "यांची कुठली गोष्ट तू उद्या सकाळपासून करणार?" वर्ग गप्प.

मग त्यांनी इंग्लंडमधले शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांची गोष्ट सांगितली. पुस्तकबांधणीचं काम शिकणारा हा मुलगा १८१२ मध्ये नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकायला गेला, टिपणं काढली, ती नीट लिहून, बांधून डेव्हींनाच पाठवली आणि १८१३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. पुढे १८२४ मध्ये फॅरेडेंना रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचं सदस्यत्व मिळू नये, म्हणून विरोध करणारे हेच डेव्ही होते. आमच्यातला एक जण उसळून म्हणाला, "मग असला माणूस कसला आदर्श?" बाई म्हणाल्या, "त्यांचा मत्सर फॅरेडेंनी घेतला नाही. प्रयोग करायची आणि तो लोकांसमोर मांडायची रीत घेतली." डेव्हींची ती प्रयोगशाळा जिथे होती, त्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ मध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली, ती फॅरेडेंच्या पुढाकाराने. आदर्श म्हणून अख्खा माणूस उचलायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं आणि पुढे फार उपयोगी पडलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगाबद्दल खूप नंतर वाचलं. मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही तशीच बडवू लागली, कुणी सांगितलेलं नसताना. वाचताना बाईच डोळ्यांसमोर आल्या. खरेपणावर त्यांनी आम्हाला कधी व्याख्यान दिलं नाही. आम्ही त्यांना लिहिताना पाहिलं होतं.

आज मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम सांभाळते. अहवालाखाली माझी सही असते. आकडा गैरसोयीचा आला की "पुन्हा एकदा बघा ना" असा आग्रह होतो. आम्ही पुन्हा बघतो, आणि जो येतो तोच लिहितो. माझ्या हाताखालची मुलंही आता तसंच करतात, याचा मला फार अभिमान वाटतो. हे बाईंचं देणं आहे.

हल्लीच्या मुलांची मात्र काळजी वाटते. त्यांचे आदर्श फोनच्या पडद्यावर राहतात. तिथे निवडून, सजवून दाखवलेली मिनिटं दिसतात. चूक झाल्यावर तो माणूस काय करतो, हाताखालच्यांशी कसा बोलतो, कंटाळवाणं काम कसं करतो, हे दिसतच नाही. आणि पारख तर त्यावरूनच करायची असते! थोरांची चरित्रं जरूर वाचावीत, पण सोबत जवळचा एक माणूस हवा, ज्याचा साधा दिवस आपल्याला पाहता येतो.

म्हणून शाळेला एक विनंती. आठवीला तो निबंध पुन्हा द्या, पण मुलांना रोज काम करताना दिसणाऱ्या माणसावर. महिन्याभराने त्याच वहीत, त्या माणसाचं काय उचललं, हे त्यांना लिहू द्या. त्या वह्या वाचायला मी नक्की येईन.