ऐरोलीतलं १२८ थ्रेडचं मशीन: फ्रीबीएसडी चालू, आता मेमरीचं काम

या सर्व्हरवर फ्रीबीएसडी १४ (युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) सगळे १२८ थ्रेड (प्रत्येक कोर एका वेळी दोन कामं घेतो, त्यातलं एकेक) ओळखून स्थिर चालतंय. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं बरीच, त्यामुळे तिथून निघालेलं हार्डवेअर वापरलेल्या मालाच्या दुकानदारांकडे येत राहतं. हे त्यातलंच. एएमडीचे दोन एपिक ७५५१ प्रोसेसर, म्हणजे २०१७ सालची पहिली पिढी, प्रत्येकी ३२ कोर.

इन्स्टॉलेशन सरळ झालं. यूएसबीवरून बूट, मुख्य डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम. सीरियल कन्सोल (मॉनिटरशिवाय, केबलवरून दुसऱ्या संगणकातून मशीन हाताळायची सोय) मात्र आधीच चालू करून घ्या. पंख्यांच्या आवाजामुळे असलं मशीन बंद खोलीतच ठेवावं लागतं, आणि तिथे मॉनिटर कोण लावणार? सीपीयूंची (इथे प्रत्येक थ्रेड एक सीपीयू धरला जातो) कमाल मर्यादा १४व्या आवृत्तीत २५६ वरून १०२४ झाली आहे, त्यामुळे याहून मोठं मशीन घेणाऱ्यांनाही काळजी नाही.

खरी मजा मेमरीत आहे. या पिढीच्या एका प्रोसेसरमध्ये चार वेगळे डाय (सिलिकॉनचे तुकडे) असतात आणि प्रत्येक डायला मेमरीची दोनच चॅनल, म्हणजे मेमरीकडे जाणारे दोनच रस्ते. दोन सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) मिळून आठ नुमा डोमेन झाली, म्हणजे काही कोर आणि त्यांची जवळची मेमरी असे आठ गट. जेनेरिक कर्नलची (फ्रीबीएसडीसोबत तयार मिळणाऱ्या गाभ्याची) डोमेनची मर्यादाही ८च, म्हणजे नेमकं मापात बसलं!

मशीन आलं तेव्हा १६ जीबीच्या आठही मेमरी स्टिक पहिल्या सॉकेटच्या होत्या. दुसऱ्या सॉकेटच्या ३२ कोरना जवळची मेमरीच नव्हती, लागेल ते सगळं पलीकडून आणायचं. ‘टॉप’मध्ये (कोण किती कामात आहे ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) हे कळत नाही, कारण मेमरीची वाट पाहत थांबलेला कोरही तिथे कामातच दिसतो. कळतं ते सिस्कंट्रोलमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘sysctl’ कमांडमधल्या) ‘फिज लोकॅलिटी’च्या तक्त्यात: स्वतःच्या डायला १०, त्याच सॉकेटच्या दुसऱ्या डायला १६, पलीकडच्या सॉकेटला ३२. हे नॅनोसेकंद नव्हेत, फर्मवेअरने दिलेली सापेक्ष अंतरं आहेत, पण विचार करायला पुरतात.

आता प्रत्येक डायला एक स्टिक आहे. एकेक चॅनल रिकामं राहिल्याने डायची बँडविड्थ निम्मीच मिळते, तरी माझ्या मते हाच सौदा बरा. फ्रीबीएसडीचं मूळ धोरण ‘फर्स्ट-टच’ आहे: ज्या कोरने पान (मेमरीचा छोटा तुकडा) आधी हाताळलं, त्याच्या डोमेनमधून ते मिळतं. नंतर थ्रेड दुसऱ्या सॉकेटवर गेला तर पान मागेच राहतं, आपोआप हलत नाही. म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस मी ‘सीपीयूसेट’ कमांडने एकाच डायच्या १६ थ्रेडवर बांधून ठेवलंय. क्वेरींच्या वेळेतला चढउतार लक्षात येण्याइतका कमी झाला.

सगळे कोर खऱ्या अर्थाने राबवायचे तर पूद्रिएर, म्हणजे फ्रीबीएसडीची पॅकेजं सोर्स कोडपासून घाऊक बांधणारं साधन. एका मोठ्या बिल्डमध्ये मध्येच दोन-चार कोरच चालू असलेले टप्पे येतात. शेकडो पोर्ट (बांधायचे प्रोग्रॅम) वेगवेगळ्या जेलमध्ये (एकमेकांपासून अलग ठेवलेल्या कप्प्यांत) एकाच वेळी बांधताना मात्र एकाचा रिकामा वेळ दुसरा भरून काढतो. टेम्पएफएस वापरलं, म्हणजे तात्पुरत्या फाइली मेमरीतच ठेवल्या, तर १२८ जीबी भराभर संपते, तेवढं सांभाळा.

पुढचं काम उरलेली आठ चॅनल भरणं. डीडीआर४ २६६६, रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच्या प्रकारच्या), १६ जीबीच्या आठ स्टिक हव्यात. ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे जुळणारा संच पडून असेल तर कळवा.