आप्पांची पद्मिनी, भाग ४: चॉकलेटीच्या खाली काय निघालं

मंडळी, दोन महिने काही टाकलं नाही त्याबद्दल सॉरी, पण टाकण्यासारखं काही नव्हतंच. गाडी रंगवून आली, शेडमधे उभी केली आणि मग आतल्या कामाला हात घालायची हिंमतच होईना. इंजिनचं बरं असतं हो. १०८९ सीसीचं ते इंजिन, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचा, पिस्टन बसतो का नाही बसत, विषय संपला. आतल्या सामानाचं तसं नाही, तिथं सगळंच 'चालतंय की'. हे रेक्झिन चालतंय, ते हँडल पण चालतंय, असं करत करत गाडी तयार होते आणि आत बसलं की लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगवर गिअर, पुढं सलग सीट. आप्पा म्हणजे आमचे आजोबा, लातूरच्या मार्केट यार्डात त्यांची अडत होती. त्या काळात बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर गाडी मिळायची, त्यामुळं घरात तिचा मान पोरांपेक्षा जास्त.

तर आतला रंग. घरात कुणालाही विचारा, सीट चॉकलेटी, दाराचे पॅड चॉकलेटी. आई सांगती, काका सांगतो, माझ्या लहानपणीच्या फोटोत पण चॉकलेटीच दिसतंय. मग काय, चॉकलेटी रेक्झिन शोधायला निघालो. पहिला गाढवपणा म्हणजे मोबाईलवर फोटो बघून दोन मीटर मागवलं. आलं ते सरळ सरळ वांग्याच्या रंगाचं. मग इथल्या गंजगोलाई बाजाराच्या आसपासची दुकानं पालथी घातली, तिथं ट्यूबलाइटखाली एक शेड पसंत केली, बाहेर उन्हात आणली तर वेगळीच. तेव्हापासून नियम केला, दुकानदार कितीही वैतागू दे, तुकडा बाहेर उन्हात नेऊनच बघायचा, आणि तो पण दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

दुसरी एक गोष्ट केली ती मात्र जमली. तीन दुकानांतून तीन तुकडे घेतले आणि मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्यावर वीस दिवस ठेवून दिले. लातूरचं मेमधलं ऊन तुम्हाला माहितीये, ४२ च्या पुढं जातंय, पत्रा तर त्याहून तापतो. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर, आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते उष्णतेनं हळूहळू निघून जातं, मग रेक्झिन कडक होऊन तडकतं. स्वस्तातल्या तुकड्यावर वीस दिवसांत बोट चिकटायला लागलं, म्हणजे आतलं सगळं वर येत होतं. दुसरा घडी घातल्यावर पांढरा पडला. तिसऱ्याला काही झालं नाही. तिसरा साडेचारशे रुपये मीटर, पहिला दोनशे वीस. दोन्ही सीट आणि एखाद-दुसरा पॅड धरून दहा मीटर लागतंय, म्हणजे फरक तेवीसशेचा. रंगाला एवढे घातल्यावर इथं वाचवायचं कामून?

आता मूळ किस्सा. दाराचे पॅड काढायला कुशनवाल्या चाचांना घरीच बोलावलं. पॅड कसे काढायचे हे नव्या लोकांनी नीट ऐका, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पॅडच्या मागं स्प्रिंगच्या क्लिपा असतात, त्या पत्र्याच्या भोकात दाबून बसवलेल्या असतात. लांबी (पुट्टी) भरायची रुंद पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी सरकवायची आणि तिथंच उचलायचं, नाहीतर क्लिप जागेवर राहते आणि हार्डबोर्डचा तुकडा हातात येतो. आधी काच फिरवायचं हँडल आणि आर्मरेस्ट काढायला विसरू नका, मी विसरलो होतो, चाचांनी कपाळाला हात लावला.

मागचा डावा पॅड सुटला, उलटा केला. चॉकलेटी रेक्झिनची कड मागं दुमडून चिकटवलेली, जागोजागी निघालेली. चाचांनी ती कड नखानं वर केली तर खाली अजून एक कड. निळसर राखाडी. मला वाटलं अस्तर असंल. चाचा म्हणाले थांब, आणि चॉकलेटी हळूच सोलत गेले, वरून चिकटवलेलंच नव्हतं, फक्त मागून ओढून बसवलेलं. खाली कंपनीचा पॅड अख्खा. राखाडी, त्याच्यावर उभ्या दाबलेल्या रेघा, कोपऱ्यात एक गोंदाचा डाग, बाकी काही नाही. "ये तो नवाच है रे," चाचा म्हणाले. एवढी वर्षं ऊन लागलं ते चॉकलेटीला, खालचं तसंच राहिलं होतं.

चार दारांपैकी तीन पॅड असे निघाले. ड्रायव्हरच्या दाराचा मात्र खालून कुजलेला, हाताला भुसा आला.

म्हणजे ओरिजिनल कोणतं? सगळं घर चॉकलेटी म्हणतंय आणि गाडी राखाडी म्हणतीये. मी राखाडीचा तुकडा घेऊन आप्पांकडं गेलो. आप्पांनी चष्मा वर केला, तुकडा हातात फिरवला, म्हणाले हाच होता. मग बदलला का? तर म्हणाले, "किल्लारीच्या वेळंला." १९९३ चा ३० सप्टेंबर, किल्लारीचा भूकंप. लातूरपासून किल्लारी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, त्या दिवशी सकाळीच गाडी काढली आणि पुढचे कित्येक दिवस भाकरी, चादरी, पाणी घेऊन जायची आणि येताना माणसं घेऊन यायची. "सीट धुऊन निघंना, मंग बदलली. दारं त्याला मॅच केली." एवढंच. काय निघत नव्हतं ते मी विचारलं नाही.

आता मला उलटंच वाटायला लागलं, की मग चॉकलेटीच ठेवावं, गाडीचं खरं आयुष्य तेच की. दोन दिवस घोळत बसलो. शेवटी आप्पांनाच विचारलं तर म्हणाले, "कर राखाडी. ते काय हौसेनं केलं नव्हतं." विषय संपला. २०२८ ला गाडीला ५० वर्षं होतील, तेव्हा विंटेज नोंदणीचा विचार आहे (नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात ती सिरीज, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये), तेव्हा आत कंपनीचाच रंग असलेला काही वाईट नाही, पण खरं कारण आप्पांचं.

मग राखाडी शोधणं आलं, आणि यावेळी नमुना म्हणून फोटो नाही तर मागं दुमडलेल्या कडेची दोन बोटांची पट्टी खिशात. रंग बघायचा तर अशाच जागी बघा, पॅडच्या मागं, सीटच्या खालच्या दुमडीत, जिथं ऊन आणि हात दोन्ही पोचत नाहीत. दर्शनी भागावरून मॅच केलं की तुम्ही उडालेला रंग मॅच करता. तिसऱ्या तुकड्याच्याच दुकानात तंतोतंत नाही पण नव्वद टक्के जुळणारा मिळाला, पोत पण बारीक दाण्याचा.

ड्रायव्हरचा पॅड नवा करायचा होता. आधी वाटलं दुसऱ्या गाडीचा मिळंल. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, तेव्हा कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांकडं ढीग असंल म्हणून एक मित्र जाऊन आला. मेकॅनिकल सामानाला ठीक, पण टॅक्सीच्या आतलं मूळचं काही शिल्लक नसतं, सगळं फुलाफुलाचं. आणि मूळचं मिळालंच तरी मॉडेल बघा, पद्मिनीच्या शेवटच्या एस-वन मॉडेलला खाली फ्लोअर गिअर आणि बकेट सीट, ते सीटचं सामान आपल्या सलग सीटवाल्या गाडीत कुठं बसवणार. पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११०० डी, तिचं सामान परदेशात मिळतं असं काही जण सुचवतात. दाराच्या रबराला विचार करा, पण आपल्या जुन्या रबराचा तुकडा कापून त्याचा आकार मोजून मगच, आणि डॅशबोर्डच्या वाट्याला जाऊ नका, त्यांचं स्टिअरिंग डावीकडं, सगळं उलटं येणार. शिवाय कस्टम ड्युटी ऐकून मी मोबाईल खाली ठेवला.

म्हणून पॅड इथंच केला. जुना कुजलेला पॅड कागदावर ठेवून छाप काढला, भोकं एकूणएक. चाचा म्हणाले प्लाय लाव, कुजणार नाही. मी ३ एमएमचा हार्डबोर्डच घेतला कारण प्लायला दाराचा बाक येत नाही, मग कडा उचलतात. पण कुजला का ते आधी बघितलं. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायला पाहिजे. आमची भोकं मातीनं बुजलेली, आणि पत्रा आणि पॅडच्या मधला प्लास्टिकचा कागद त्या ९३ च्या कामात कुणीतरी काढून फेकलेला. म्हणजे पाणी थेट हार्डबोर्डला. आता भोकं तारेनं मोकळी केली, चारी दारांना जाड पॉलिथिन लावलं, खालची कड दाराच्या आत सोडून, आणि नव्या हार्डबोर्डला मागून दोन हात वॉर्निश. पॅडवर हजारो घालून दहा रुपयांचा हा कागद विसरणारे लई बघितलेत.

त्या उभ्या रेघांनी मात्र जीव खाल्ला. कंपनीत त्या मशीनवर तापवून दाबलेल्या, शिवलेल्या नाहीत. चाचा म्हणत होते शिलाई मारू, कुणाला कळतंय. मला कळंल की! मग पितळेची पट्टी तापवून, मधे बेकिंगचा कागद ठेवून, खाली पातळ फोम घेऊन दाबून बघितलं. पहिले चार तुकडे जळाले, शेडमधे असला वास की आई भांडायला आली. पाचव्याला पट्टी थोडी निवू दिली आणि फक्त वजन ठेवून दहापर्यंत आकडे मोजले, तेव्हा रेघ उमटली. मूळच्याइतकी खोल नाही. शेजारी ठेवल्यावर ओळखू येतंय, पण ड्रायव्हरचा पॅड कुणी शेजारी ठेवून बघत नाही, पाय लागून तसाही घासणारच आहे.

हँडलचं थोडक्यात. एका ऑनलाइनवाल्याकडून 'ओरिजिनल, जुना न वापरलेला माल' म्हणून काच फिरवायची चार हँडलं घेतली. वजनालाच शंका आली, प्लास्टिकवर चकाकी. एक बसवलं, तिसऱ्या फेरीला आतले दात गुळगुळीत. ओरिजिनल या शब्दाला काही किंमत राहिली नाही, मागची बाजू आणि दातांचा फोटो मागा, वजन विचारा, नाही दिलं तर सोडा. जुनी चार मॅझाकची (जस्ताच्या मिश्रधातूची) हँडलं होती तीच साफ करून परत लावली. त्यांच्यावर खड्डे पडलेत, क्रोमवाला म्हणाला पॉलिश करताना अजून खोल जातील, आधी तांब्याचा थर देऊन भरावे लागतील आणि तरी खात्री नाही. मी म्हणलं राहू दे तसंच. आप्पांचा हात तिथंच लागलेला आहे.

सीट अजून चाचांकडंच आहेत. स्प्रिंगा सगळ्या चांगल्या निघाल्या, काथ्या बदलतोय. पुढच्या सीटला नुसता फोम नको म्हणून सांगितलंय, फोमनं सीट उंच होतीये आणि आप्पांचं डोकं छताला लागतंय.

उतरवलेलं चॉकलेटी रेक्झिन टाकलं नाही. बहुतेक ठिकाणी तडकलंय, पण मागच्या पॅडवरचा एक चांगला तुकडा निघाला, त्याची चाचांकडून पान्यांची गुंडाळायची पिशवी शिवून घेतली, सात कप्पे, वर दोरी. डिकीत जॅकच्या शेजारी असती.

पुढच्या भागात रूफ लायनिंग, म्हणजे छताचं आतलं अस्तर. छताचे गज काढून त्यांच्यावर खडूनं पुढून मागं नंबर टाकलेत, कारण प्रत्येकाचा बाक वेगळा आणि एकदा मिसळले की मेलोच. शेडमधली मांजर त्यांच्यावरच झोपती, नंबर पुसायच्या आत सुरू करायला पाहिजे.