आईची रात्रीची चहा-खारी

फराळाचा डबा काढायला आईनं फडताळाकडे हात वर केला आणि तिच्या पाटल्या मनगटावरून घसरत पार कोपरापाशी गेल्या. मी लहान असताना याच पाटल्या साबणाचं पाणी लावल्याशिवाय निघायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला औषधांच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. ४४ किलो. आदल्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर ४९ होते. आणि वर्षभर आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो, की आई किती हलकं खाते, म्हणून तब्येत राखून आहे!

सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना दाखवावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईचं तर दहा टक्के उतरलं होतं.

आई ८१ वर्षांची. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, बाबा गेल्यापासून एकटीच. मी सिंहगड रोडला. रोज फोन व्हायचा. "जेवलीस का?" "जेवले रे." जेवली म्हणजे काय जेवली, हे मी कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर चार दिवस तिच्याकडे मुक्कामाला राहिलो तेव्हा दिसलं. सकाळी चहा नि दोन बिस्किटं. दुपारी एक पोळी, वाटीभर पातळ वरण, चार घास भात, दुधीची नाहीतर पडवळाची भाजी. आणि रात्री साडेसातला ओट्यापाशी उभ्यानंच बशीतल्या चहात खारी बुडवून खायची. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?"

हे ऐकून पोटात तुटलं.

त्यात मागे एका दवाखान्यात तिला कुणीतरी सांगितलं होतं, "आजी, आता हलकं खा, डाळीबिळी कमी करा." तिनं ते अगदी मनावर घेतलं. हा सल्ला घरोघरी दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. वय वाढतं तशी भूक कमी होते हे खरं, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. उलट स्नायू झिजत असतात, आणि खाल्लेली प्रथिनं वापरून घ्यायची त्यांची ताकदही उतरलेली असते. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, प्रौढांसाठीचा प्रथिनांचा आकडा दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. म्हातारपणी १ ते १.२ ग्रॅम हवं असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. (मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर हे गणित वेगळं, तिथे डॉक्टरांना विचारूनच.) म्हणजे आईला ४५ ते ५० ग्रॅम हवीत. तिच्या ताटाचा हिशोब मी वहीत मांडला, चहातलं दूधसुद्धा धरलं, तरी जेमतेम वीस-बावीस भरली.

पायाला मुंग्या येतात म्हणायची, ते आम्ही वयावर ढकललं होतं. आता नव्या डॉक्टरीणबाईंनी बी-१२ जीवनसत्त्व तपासायला लावलं, तर ते फारच खाली. शाकाहारी घर, वयामुळे पोटातलं आम्ल कमी झालेलं, त्यात मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. तिन्ही गोष्टी बी-१२च्या मुळावर येणाऱ्या. आपल्याच पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी बी-१२च्या कमतरतेवर वर्षानुवर्षं संशोधन केलंय, आणि आमच्या घरात ते एकदाही तपासलं गेलं नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली. नुसतं दूध-दही वाढवून हे भरून निघणार नव्हतं.

खाण्याचं मात्र तिच्याच डब्यांतून निभावलं. वरण पातळ न करता घट्ट. मऊ भातावर तूप-मेतकूट, त्यात डाळी असतातच. कवळीनं दाणे चावत नाहीत, म्हणून भाजी-कोशिंबिरीत दाण्याचं कूट सढळ हातानं. मूगडाळ भिजवून धिरडी. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं, म्हणून एकादशीला राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दाण्याची आमटी. दुपारच्या चहाऐवजी नाचणीची आंबील. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

आणि रात्री पिठलं. मूठभर बेसनात सहा-सात ग्रॅम प्रथिनं, वेळ दहा मिनिटं, दातांना त्रास नाही. ते मी आईकडूनच शिकलो. ती स्टुलावर बसून सांगते: आधी बेसन ताकात कालव, गुठळी बोटांनी मोड, मग फोडणी. लसूण गुलाबी झाला की लगेच हळद, लगेच पीठ, आणि हात थांबवायचा नाही. पिठलं रटरटायला लागलं की वर झाकण.

पाण्याचंही तेच. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि रात्री उठावं लागतं म्हणून तिनं पाणी जवळजवळ तोडलंच होतं. आता सकाळी मोठा तांब्या भरून ठेवते आणि संध्याकाळी सहाच्या आत संपवते.

पण खरा फरक पडला तो सोबतीनं. आठवड्यातून चार दिवस मी ऑफिसमधून थेट तिच्याकडे जातो, उरलेल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आपलं ताट घेऊन वर येतात. समोर माणूस असलं की आई अर्धी पोळी जास्त खाते. मी रोज बघतोय.

सहा महिन्यांत वजन साडेसेहेचाळीसवर आलंय. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलंय. आधी एकदाही जमत नव्हतं, आता सलग पाच वेळा उठते आणि मोठ्यानं मोजते. पाटल्या अजून ढिल्याच आहेत, दोरा गुंडाळून घालते.

परवा पिठल्याचा पहिला घास घेऊन म्हणाली, "लसूण जरा जळलाय रे. उद्या लवकर ये, मीच करते."