तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ठाणे’ या शब्दाची व्याख्या

मी रोजच्या शब्दांच्या विनोदी व्याख्या लिहिते, हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे कधी ना कधी विचारतात की, ‘तात्पुरती गैरसोय’ म्हणजे नागरिकांच्या अंगवळणी पडलेली कायमची व्यवस्था, असे लिहिणारी मी ठाण्यातच राहून ‘ठाणे’ या शब्दाला हात का लावत नाही. त्यांना कोणती व्याख्या हवी असते ते मला कळते. येथील मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मराठीत केव्हाच रुळले आहे.

नौपाड्यात दिवाळीच्या एका कार्यक्रमात माझ्या व्याख्यांचे वाचन होते. निवेदकाने मला न विचारता शेवटी स्वतःची एक जोडली: ‘ठाणे, म्हणजे जिथे माणूस जात नाही, पाठवला जातो.’ सभागृह खळाळून हसले. दुसऱ्या रांगेत माझी मावशी बसली होती. तरुणपणी ती त्याच रुग्णालयात दाखल होती. बरी होऊन आली, पुढे शाळेत शिकवून निवृत्त झाली, पण ‘तेव्हा ती गावी गेली होती’ असेच आमच्या घरात आजही सांगितले जाते. मी पाहिले तेव्हा ती सर्वांबरोबर टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो नेमका कोणावर आहे हेही मला सांगता येत नाही.

पूर्वी मीच हिरिरीने म्हणत असे की उपहासाला कुंपण नसावे, आणि सॅम्युअल जॉन्सनचा दाखला देत असे. १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात त्याने ‘पेन्शन’ म्हणजे सरकारच्या भाडोत्र्याला देशद्रोहाबद्दल मिळणारा पगार, असे लिहिले आणि १७६२ मध्ये राजाने दिलेली पेन्शन स्वतः स्वीकारली. निदान ती व्याख्या लिहिणाऱ्यावरच उलटली. ठाण्यावरचा विनोद सांगणाऱ्यावर तो कधी उलटत नाही, असे मी आता म्हणते. पण त्याच कोशात ओट हे इंग्लंडमध्ये घोड्यांना घालण्याचे आणि स्कॉटलंडमध्ये माणसांना पोसणारे धान्य ठरते, आणि त्यावर मला आजही मनापासून हसू येते. तिथे माझी मावशी नसते, एवढाच फरक असेल तर माझा युक्तिवाद लंगडा आहे, हे मला मान्य आहे.

मावशी म्हणते, ‘अगं, तूच कर त्या शब्दाची व्याख्या, तुझी तरी बरी होईल.’ मी अजून केलेली नाही.