पायऱ्यांपासून आखलेली सफर : कॅटलिना बेटावरचा कॅसिनो पॉइंट

येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियातील सांता कॅटलिना बेटावर, अ‍ॅव्हलॉन गावाला लागून असलेल्या कॅसिनो पॉइंट या पाण्याखालच्या उद्यानात डाइव्हिंग करणार आहोत. ही बातमी कळल्यापासून बडोद्यातील मित्रमंडळी मला काय काय दिसणार आणि किती खोल जाणार, हे दोनच प्रश्न विचारत आहेत. मी मात्र सध्या तिथल्या पायऱ्यांचा विचार करण्यात गुंतले आहे. किनाऱ्यावरून करायच्या डाइव्हची आखणी पाण्यात उतरण्याच्या आणि पाण्यातून बाहेर पडण्याच्या जागेपासून सुरू करावी, मासे आपोआप नंतर येतात, असे माझे मत आहे.

आम्हा बडोदेकरांना डाइव्हिंगचा समुद्र माहीत असतो तो तारकर्लीचा, शिवराजपूरचा किंवा अंदमानातील स्वराज द्वीपाचा. तिथे पाणी कोमट असते, बहुतेक वेळा होडी थेट जागेवर नेते आणि हवेची टाकी पाठीवर चढवून द्यायला कोणीतरी हजर असते. कॅसिनो पॉइंटला यातले काहीच नाही. १९२९ साली उभ्या राहिलेल्या गोल कॅसिनो इमारतीच्या पायथ्याशी दगडी बांध आहे, त्या बांधावरून कठडा लावलेल्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात, आणि समोरचा भाग बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) दोरीने आखून घेतलेला असल्यामुळे आत होड्यांना मज्जाव आहे. (आत्याच्या समाधानासाठी नमूद करते, की या इमारतीत जुगार कधीच चालला नाही. खाली चित्रपटगृह आणि वर नृत्याचे दालन, एवढाच तिचा संसार.) डोक्यावरून होडीचा पंखा जाण्याची धास्ती नाही आणि काही पावले पोहताच खोल पाणी लागते, म्हणून ही जागा शिकाऊंपासून मुरलेल्यांपर्यंत सर्वांची आवडती झाली आहे. मात्र त्यामुळेच शनिवार-रविवारी पायऱ्यांवर प्रशिक्षणवर्गांची रांग लागते. आम्ही मधले वार निवडले, ते याच कारणाने.

महिन्याची निवड थोडी अधिक विचार करून केली. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी साधारण वीस अंशांच्या आसपास असते, तर हिवाळ्यात ते तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते, आणि ती उलटली की बेटावरची गर्दी एकदम ओसरते. त्याहून उशीर करण्यातही अर्थ नाही, कारण शरद ऋतूपासून मुख्य भूमीकडून सांता अ‍ॅना नावाचे कोरडे वारे सुटू लागतात. एरवी अ‍ॅव्हलॉन बेटाच्या आडोशाला असल्याने तिथले पाणी शांत असते, पण हे वारे नेमके उघड्या बाजूने येतात आणि तेव्हा त्याच पायऱ्यांवर लाटा आदळतात. असे झाले तर डाइव्ह रद्द करायची, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवून टाकले आहे. तिथे उभे राहून वाद घालण्याची वेळ येऊ नये.

पायऱ्यांबद्दल जेवढे वाचले आणि आतेभावाकडून ऐकले, त्यावरून खरी कसोटी बाहेर येताना लागते. खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, आणि लाटेबरोबर अंग वर उचलले जाते व लगेच मागे ओढले जाते. म्हणून आमचा क्रम असा राहील : आधी थोडे दूर थांबून लाटांचा अंदाज घ्यायचा, मग एकाने कठडा धरायचा, तो हात न सोडता दुसऱ्या हाताने फिन (पायातील वल्ह्यासारखे पंख) काढायचे, आणि कोरड्या पायरीवर पाय टेकेपर्यंत मास्क व तोंडातील रेग्युलेटर (टाकीतील हवा श्वासासाठी पुरवणारे साधन) जागचे हलवायचे नाहीत. पहिला वर पोहोचल्याशिवाय दुसऱ्याने पायरीजवळ यायचे नाही. भरती-ओहोटीची वेळही पाहून ठेवावी लागते, कारण ओहोटीला खालच्या, अधिक निसरड्या पायऱ्यांवरून चढावे लागते. कावी-कंबोईला स्तंभेश्वराचे देऊळ भरतीत बुडताना पाहिलेल्या आम्हा लोकांना तिथला जेमतेम दोन मीटरचा चढउतार किरकोळ वाटतो खरा, पण पाठीवर भार असताना तो किरकोळ राहत नाही.

त्या भाराचा हिशेब मांडायलाच हवा. अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची टाकी भरलेली असताना सोळा किलोंच्या आसपास भरते. त्यात बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट), रेग्युलेटर आणि शिशाची वजने मिळवली, की सगळे मिळून तीस किलोंच्या घरात जाते. आमच्या दांडिया बाजारातील इमारतीला लिफ्ट नाही, ही गैरसोय आता उपयोगी पडत आहे. मी हॅवरसॅकमध्ये गव्हाच्या पिठाच्या पिशव्या भरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढते आणि उतरते. शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, "अगं, रोज रोज इतकं दळण कुणाकडे पोहोचवतेस?"

वजनांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अंदमानात तीन मिलिमीटरच्या सूटवर थोडक्या वजनात भागते. कॅटलिनाच्या पाण्यात सात मिलिमीटरचा सूट, टोपी आणि हातमोजे लागतात, आणि त्या सूटच्या जाड निओप्रीनमधील, म्हणजे फेसाळ रबरातील, असंख्य बुडबुडे माणसाला बुडूच देत नाहीत. त्यामुळे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास शिसे कमरेला बांधावे लागते. आता गंमत अशी, की दहा मीटर खाली गेल्यावर दाब दुप्पट होतो, ते बुडबुडे आक्रसतात, सूटची तरंगण्याची शक्ती घटते आणि वर बरोबर वाटलेले वजन खाली जड वाटू लागते. परतताना उलटे होते : टाकीतील दोन-अडीच किलो हवा वापरून झालेली असते, टाकी हलकी होऊन वर ओढू लागते, आणि सुरक्षेसाठी पाच मीटरवर थांबायचे असते तेव्हाच शरीर वर सटकू पाहते. लालबागेच्या तरणतलावात याची तपासणी करून काहीच हाती लागत नाही, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते आणि तेवढ्यानेच दोनेक किलोंचा फरक पडतो. तलावात मी फक्त बोटांचा सराव करते. भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे घालून, डोळे मिटून पट्ट्याचा खटका उघडायचा आणि लावायचा. हातमोज्यांत खटक्याची कड बोटांना लागतच नाही. तळहाताने दाबून ती शोधावी लागते.

म्हणून पहिली डाइव्ह वजन जमवण्यासाठीच राखून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. फोनवर यावरून खटका उडालाच.

"ताई, एवढी सातासमुद्रापार येणार आणि पंधरा फुटांवर तरंगत बसणार?"

"हो, बसणार. आणि तूही माझ्या शेजारी बसणार."

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे हवेचा दाब बारमध्ये वाचायची सवय, तर तिथले मापक पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला किती पाउंड या हिशेबात. भरलेली टाकी म्हणजे तीन हजार, परत फिरायचे ते पंधराशेला आणि पाण्याबाहेर येताना सातशेच्या खाली जायचे नाही, हे मी पाठच करून ठेवले आहे. पाण्याखाली गुणाकार-भागाकार करण्याइतके डोके ताळ्यावर असतेच असे नाही.

ही हवा राखून ठेवण्याला तिथे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे केल्पचे जंगल. ही अवाढव्य समुद्री वनस्पती अनुकूल परिस्थितीत दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत वाढते आणि पृष्ठभागावर पसरून छतच तयार करते. त्या छताखालून परतायचे तर टाकीत हवा शिल्लक हवी, नाहीतर वरून पानांच्या गचपणातून सरपटत यावे लागते. देठ अडकला तर ओढाताण करायची नाही, कारण ओढल्याने तो अधिकच आवळतो. थांबायचे, जोडीदाराला खूण करायची आणि देठ उलटा वाकवायचा, की तो कोवळ्या शेवग्याच्या शेंगेसारखा कटकन मोडतो. अलीकडच्या काळात आशियातून आलेले एक परके सरगॅसम शेवाळही या किनाऱ्यावर फोफावले आहे, पण त्याचा बहर हिवाळ्यात आणि वसंतात असतो, म्हणजे सप्टेंबरला आणखी एक गुण मिळाला.

आता माशांबद्दल, कारण विचारणाऱ्यांना उत्तर द्यायलाच हवे. केशरी गॅरिबाल्डी दिसेलच. तो कॅलिफोर्नियाचा राज्य सागरी मासा असून त्याला पकडण्यास बंदी आहे, आणि घरट्यावर पहारा देणारा नर डाइव्हरच्या मास्कवरही चालून येतो. माझी खरी आस मात्र जायंट सी बासची आहे. दोन मीटरपर्यंत लांब होणारा हा मासा बेसुमार मासेमारीने जवळपास संपला होता. १९८२ पासून कॅलिफोर्नियात त्याला संरक्षण मिळाले आणि आता उन्हाळ्यात तो या बेटाभोवती पुन्हा जमू लागला आहे. तो दिसला तर त्याच्यामागे पोहत जायचे नाही, तळाजवळ स्थिर राहायचे आणि जवळ यायचे की नाही हे त्याच्यावर सोडायचे. उद्यानाच्या खोल भागातील सुजाक हे बुडालेले जहाज आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत बाजूला ठेवले आहे, आणि १९३० साली जळून बुडालेली व्हॅलियंट ही नौका तर यादीतच नाही. ती उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, तिच्यासाठी बंदर कार्यालयाची परवानगी लागते, आणि थंड पाण्यातील पहिल्याच सफरीत एवढी खोली मला मान्य नाही. आतेभावाला हे पटलेले नाही.

बाकी व्यवस्था सोपी आहे. लाँग बीचहून फेरी बोट तासाभरात अ‍ॅव्हलॉनला पोहोचवते. धक्क्यापासून कॅसिनोपर्यंत किनाऱ्याने चालत जाता येते, तरी सामान भाड्याचेच घेणार असल्याने ते जागेवरच मिळेल असे पाहिले आहे. हवा भरून देणारी गाडी कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत उभी असते, हे मात्र दुकानाला विचारून ठेवावे, कारण मधल्या वारी जाण्याचा तोटा झाला तर इथेच होईल. साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग बहुधा वगळलेले असते, म्हणून त्याचा वेगळा विमा घेतला. वैद्यकीय प्रश्नावलीत वयाची पंचेचाळिशी उलटलेल्यांना जास्तीचे प्रश्न असतात. तिच्यावर इथल्याच डॉक्टरांची सही घेऊन प्रत जवळ ठेवली आहे.

साडेबारा तासांच्या वेळेच्या फरकातून शरीर सावरेपर्यंत पहिले काही दिवस तिथल्या आत्याकडे नुसते राहायचे आहे. अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान अठरा तास जाऊ द्यावेत, असा संकेत आहे. आम्ही पूर्ण एक दिवस मोकळा ठेवला आहे, आणि आत्याने तो पुरणपोळीसाठी परस्पर लावूनही टाकला आहे.