वचनाचं कार्ड आणि ७० वर्षं

जानेवारी लागला की आपल्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बायबलमधलं एक वचन हमखास फिरतं, यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मयाच्या पुस्तकातला २९वा अध्याय, अकरावं वचन. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो", मागे उगवता सूर्य नाहीतर गुलाबाची फुलं. वॉचनाईटच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर, एकेक वचन छापलेलं कार्ड उचलायची पद्धत बऱ्याच चर्चमध्ये आहे, आमच्याकडेही आहे, आणि ती मला मनापासून आवडते. रात्री बारा वाजता बाहेर पुण्याच्या कॅम्पात हॉर्न आणि फटाके चालू असतात आणि आत माणसं रांगेत उभी राहून एकेक कार्ड उचलतात, आज्या चष्मा शोधतात, पोरं एकमेकांची कार्डं बघतात. वर्षाची सुरुवात देवाच्या शब्दाने व्हावी यात वाईट काय आहे, काहीच नाही.

पण यंदा या एका वचनाबद्दल लिहायचंच आहे, कारण माझ्या ओळखीत यावेळी जेवढी माणसं घाबरलेली दिसतायत तेवढी मी बरेच दिवसांत पाहिली नव्हती. कोणाच्या कंपनीत लोक कमी करतायत, कोणाच्या मुलाचं परदेशातलं शिक्षण अधांतरी, कोणाच्या घरी रिपोर्टची वाट बघणं चालू. सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि अशा वेळी २९:११ हातात आलं की माणूस ते "यंदा सगळं नीट होणार" असं वाचतो, साहजिक आहे, मी तरी कोणाला दोष देणार नाही.

माझा मावसभाऊ हिंजवडीत नोकरीला होता. त्याचं हेच कार्ड आलं होतं आणि त्याने ते मोबाईलच्या कव्हरमध्ये मागे घालून ठेवलं होतं, पारदर्शक कव्हर असतं ना, त्यात. काही महिन्यांतच त्याला मीटिंगला बोलावलं आणि पंधरा मिनिटांत सांगून मोकळे झाले. फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत. तो आमच्याकडे आला, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, ताई, वचन तर हेच आलं होतं गं, मग?

मी त्याला काही समजावत बसले नाही. पवित्र शास्त्र काढलं आणि म्हटलं २९वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाच, अकरापासून नको. तो मोठ्याने वाचायला लागला. हे सगळं एक पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेलं. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने पकडून नेलेले यहूदी लोक तिथे होते, त्यांचा राजा, राजमाता, सुतार, लोहार, म्हणजे हाताला काम असलेली, घरदार असलेली माणसं एका दिवसात परक्या शहरात जाऊन पडली. त्यांना एकच प्रश्न, परत कधी जायचं? आणि वाचता वाचता दहाव्या वचनाला भाऊ थांबला. बाबेलची ७० वर्षं भरल्यावर. त्याने मान वर केली आणि विचारलं, म्हणजे ज्यांनी हे पत्र ऐकलं त्यातले बरेचसे तिथेच मेले? मी म्हटलं, हो. आणि त्याच्यापुढचं वचन म्हणजे तुझं कार्ड.

बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो.

आता त्याच्या आधीचा अध्याय, २८वा, तोही वाचायलाच हवा. तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, तो भर मंदिरात याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या समोर उभा राहून सांगतो की २ वर्षांत सगळं पूर्ववत होणार, माणसं परत येणार, मंदिरातली नेलेली पात्रंसुद्धा परत येणार. बाबेलच्या ताब्यात राहावं लागेल याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो मोडूनही टाकतो. लोकांना काय आवडलं असेल सांगा, २ वर्षं की ७०? यिर्मया आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असं करो! म्हणजे त्यालाही तेच हवं होतं, त्याला काही लोकांच्या दुःखात रस नव्हता. पण खरं ते खरं. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला. मला दर जानेवारीत हा हनन्या आठवतो कारण यूट्यूबवर "हे वर्ष तुमच्या दुप्पट आशीर्वादाचं" असं सांगणारे व्हिडिओ चालू होतात आणि आपले साधे, हातावर पोट असलेले लोक ते रात्र रात्र बघतात, फॉरवर्ड करतात आणि मग ऑगस्टपर्यंत काही झालं नाही की स्वतःच्याच विश्वासात काहीतरी खोट आहे असं धरून बसतात. याचा मला खरंच राग येतो. देवाने जे बोललंच नाही ते त्याच्या नावावर खपवलं जातं आणि भोगतो कोण, तर ती विश्वास ठेवणारी बाई.

मग ७० वर्षं करायचं काय, तर पत्रात ते लिहिलंय आणि ते इतकं साधं आहे की आपण त्यावरून सरळ पुढे जातो. घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, पोरांची लग्नं करून द्या. आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बाबेलसाठी! ज्यांनी घरातून उचलून नेलं त्यांच्या गावासाठी. आत्मिक वाढ आत्मिक वाढ म्हणून आपण जे शोधत असतो ते मला तरी इथे दिसतं, पुढचं काही कळलेलं नसताना आज जमीन खणून त्यात बी टाकायचं.

आपल्या पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळाने नेले, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, कडेवर लहानगी मनोरमा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी मदत कबूल केली होती पण फक्त १० वर्षांसाठी, त्यानंतर काय, माहीत नाही. म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, पुढे उत्पन्न यावं म्हणून. झाडं अजून लहानच आणि १८९६-९७चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, बालविधवा घेऊन आल्या, शेकड्यांनी, आणि इकडे पुण्यात प्लेग. तेव्हा त्या मुलींना ठेवायला जागा कुठली, तर केडगावची ती जमीन. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं, आजही आहे, दौंडच्या गाडीने गेलं की केडगाव स्टेशन लागतंच. बाईंनी जमीन घेतली फळबागेसाठी, देवाने ती कशासाठी वापरली बघा. आणि ही सगळी घडामोड चालू असताना त्यांना तरी पुढचं काय दिसत होतं?

भावाला नोकरी अजून लागलेली नाही. इंटरव्ह्यू चालू आहेत, कधी कधी रात्री फोन करतो आणि काहीच बोलत नाही, मीही फोन धरून बसते. पण शनिवारी तो चर्चच्या मागच्या खोलीत वस्तीतल्या पोरांना गणित शिकवतो, हे त्याने स्वतःहून सुरू केलं. आणि आम्ही दोघांनी एक वही केलीये, शहरासाठी प्रार्थनेची. त्यात कचरा घेऊन जाणाऱ्या ताई आहेत, पीएमपी बसचे ड्रायव्हर, ससूनमधल्या नर्सेस, सोसायटीचा वॉचमन, आणि हो, ज्यांनी त्याला काढलं तेही आहेत. ते नाव वहीत लिहायला त्याला बरेच दिवस लागले. अजूनही तिथे आलं की त्याचा आवाज बदलतो. तरी घेतो.

कार्ड त्याने काढलेलं नाही कव्हरमधून. फक्त पेनाने त्यावर ११ च्या आधी "४ ते" असं लिहिलंय, म्हणजे आता ते २९:४ ते ११ झालंय.

तर यंदा आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, ठरवलंय की पूर्ण यिर्मया वाचायचा. ५२ अध्याय आहेत, वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला एक. काही अध्याय फार जड आहेत, रडवणारे आहेत, मध्येच त्याला चिखलाच्या विहिरीत टाकतात, पण ३२व्या अध्यायात शहराला वेढा पडलेला असताना, स्वतः कैदेत असताना तो १७ शेकेल चांदी मोजून शेत विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, तिथपर्यंत तरी पोचायचंच. तो ऑगस्टमध्ये येईल. पहिला अध्याय छोटा आहे, १९ वचनं. ज्यांना यायचंय त्यांनी गुरुवारी संध्याकाळी साडेसातला या, पत्ता ग्रुपवर आहेच, चहा मी करते. फक्त पवित्र शास्त्र पुस्तकाचं आणा, मोबाईलवरचं नको, सारखे मेसेज वाजत राहतात.