देवघरातलं पदक

पणजोबा 'बसऱ्याला', म्हणजे इराकात, 'लढून आले', एवढंच घरात ठाऊक. पेन्शनचे कागद माळवद गळून कधीच भिजून गेलेले. म्हणून त्यांची सरकारी नोंद शोधायला पुण्याहून सकाळच्या इंद्रायणीनं सोलापूर गाठलं, तीच पहिली चूक. कचेरीत पोचेस्तोवर जेवणाची सुट्टी. तुम्ही हुतात्मानं आदल्या रात्रीच पोचा, आणि शनिवार धरू नका. एका कार्यालयात उत्तर मिळालं, "एवढं जुनं रेकॉर्ड नष्ट केलंय." लेखी मागितलं, तर साहेब मीटिंगला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगोल्याकडं, आमच्या गावी. खरं तर आधी इथंच यायला हवं होतं. आत्याच्या देवघरात टाकांच्या ओळीत पंखवाल्या बाईचं एक पदक. आत्याच्या लेखी ती देवीच, रोज हळदकुंकू. ते निघालं पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल! याच्या जोडीला चांदीचंही पदक मिळायचं. आमचं सोनाराकडं मोडीत गेलं. हे काशाचं, कुणी घेईना म्हणून राहिलं.

या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या कडेत कुंकवाचा थर बसलेला. चिंच, राख, पीतांबरी काही लावू नका, अक्षरं झिजतात. कोमट पाणी, जुना मऊ ब्रश, मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरायचा. पाऊण तासानं '११० मराठा' लागलं. ही पलटण इराकातल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं शरणागती पत्करली. पणजोबा त्यात होते की नंतर भरती झाले, हे कडेवरून कळत नाही.

नुसत्या नंबरावर भागत नाही, तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही सापडतो. शिवाय १९२२ मध्ये पलटणींची नावं बदलली. ११० वी झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीला पत्र लिहाल तेव्हा दोन्ही नावं द्या. जे परतलेच नाहीत, त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन फुकट बघता येते. तिथं इंग्रजीत 'सोलापूर' नको, जुनं 'शोलापूर' टाका; आडनाव गाळूनही बघा. मृत्यूची नोंद तहसीलच्या कोतवाल बुकात मिळू शकते, पण मोडी वाचणारा सोबत न्या. कुणबी नोंदींमुळं सध्या मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारलाय.

पत्र टाकलंय. पदक आत्यानं नेऊ दिलं नाही; परत टाकांत ठेवलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता कडंला लावत नाही, बघ."